मामी मेल्यानंतरचं हसू

मी एका मालिकेतला शॉट बोलतोय. आवाज दबका वाटला तर रागावू नका, माझा स्वभावच घाबरट आहे. कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत जे टिपलं जातं त्या तुकड्याला शॉट म्हणतात. माझी भावंडं मालिकेत जायला मिळावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची. मी मात्र जायला लागू नये म्हणून बसायचो.

माझा जन्म बेंगळुरूच्या विमानतळाजवळ देवनहळ्ळीला, वसुमतीबाईंच्या जेवणघरात झाला. वसुमतीबाई बेंगळुरूच्याच, कित्येक पिढ्यांच्या. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि रागावल्या की दोन्ही. त्यांनी मुलांसाठी एक पुस्तकमाला लिहिली आहे, आणि आमची मालिका तिच्यावरूनच, त्यांच्याच घरात, बनते आहे. तिच्यात टिंगी नावाची एक चौकस मुलगी आहे, आणि प्रत्येक पुस्तकात तिचा एकेक नातेवाईक स्वतःच्याच खोडीपायी मरतो. थेंब थेंब पाणी वाचवायला सांगणारे काका पाण्याच्या टाकीत पडून जातात. मोठी माणसं टिंगीला थापा मारतात, टिंगी खरं काय ते शोधून काढते आणि वाचणारी मुलं पोट धरून हसतात. त्यांच्या आईबापांच्या कपाळाला मात्र आठ्या पडतात.

पहिल्या पुस्तकात मामी मरते. ‘प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा’ असं जगाला ऐकवत फिरणारी मामी, तेच ऐकवता ऐकवता घशात अख्खा बोंडा अडकून जाते. या मामीचं काम अहल्याबाईंनी केलं. वय सत्तरीच्या पुढे, हयात नाटकांत आणि कन्नड सिनेमातल्या बारीकसारीक भूमिकांत गेलेली, आणि हृदयाचं एक दुखणं नुकतंच निस्तरलेलं. त्यांनी मरण असं काही वठवलं की दिवा धरणारा माणूस दिवा टाकून पाणी आणायला धावला. दिग्दर्शक प्रणीत ‘कट’ म्हणाला, टाळ्या पडल्या. अहल्याबाई काही जमिनीवरून उठेनात.

“प्रणीत, कॅमेरा बंद करू नको,” त्या पडल्यापडल्याच म्हणाल्या. “मेलेल्या माणसाचं हसू घ्यायचं राहिलंय.”

प्रणीत पुण्याचा, आयटीतली नोकरी सोडून या धंद्यात पडलेला. त्याला काही उमगेना. मग अहल्याबाईंनीच त्याला समजावलं. त्या जिथे कामं करत आल्या तिथे अशी रीत होती की पडद्यावर मेलेल्या नटानं घरी जाण्याआधी डोळे उघडायचे आणि कॅमेऱ्याकडे बघून हसायचं. म्हणजे खोटं मरण खोटंच राहतं, आपल्या मागोमाग घरी येत नाही.

“स्वल्प वेळ लागेल, पण त्याशिवाय मी साडी बदलणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि हे पिक्चरमध्ये घालायचं नाही. हे माझं आहे.”

“नाही घालणार, ताई. प्रॉमिस,” प्रणीत म्हणाला.

तो मी. अहल्याबाईंनी डोळे उघडले, ओठावरचा बोंड्याचा कण पुसला आणि त्या हसल्या. ते मामीचं हसू नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं, मोठ्या संकटातून सुटल्यासारखं. मला तेव्हा आपण फार नशीबवान आहोत असं वाटलं. कुणाला दाखवायचं नाही, कुणी नावं ठेवायची नाहीत, एका म्हाताऱ्या बाईच्या जिवाची राखण करत नुसतं पडून राहायचं. मला अगदी मानवणारं काम होतं ते.

बेंगळुरूत मारतहळ्ळीला एका इमारतीत जाड पडद्यांची एक खोली आहे. तिथे सुप्रीता नावाची मुलगी सगळे शॉट कापून जोडते. तिनं मला वेगळं ठेवलं आणि वर लिहिलं, ‘अहल्या अक्का. हात लावू नये.’ शेजारची भावंडं एकेक करून उचलली जात, कापली जात. मी आपला कोपऱ्यात जीव मुठीत धरून बसलेला.

मालिका दाखवणारी कंपनी मुंबईची. तिच्यातर्फे संयोगिता नावाच्या बाई सगळं बघत. एक दिवस त्यांचा व्हिडिओ कॉल आला.

“प्रणीत, मस्त झालाय एपिसोड. पण मुलांच्या शोमध्ये आपण डेथवर एंड नाही करू शकत. पेरेंट्स घाबरतील. मामी बेशुद्ध पडली होती असं करू या ना. ती उठतेय असं काही फुटेज आहे का?”

हा भाग अडला असता तर मालिकाच अडली असती, आणि तिच्यावर बऱ्याच जणांची चूल पेटत होती. मला ते कळत होतं, तरी मी मनातल्या मनात प्रणीतला विनवत होतो की नाही म्हण, बाबा, नाही म्हण.

“एक शॉट आहे,” तो म्हणाला.

सुप्रीतानं त्याच्याकडे नुसतं बघितलं. मग तिनं मला उचललं आणि मामी कोसळल्यानंतर लगेच चिकटवलं. पाठीमागे घुंगरांचं संगीत घातलं. आता मामी मरत नव्हती. पडायची, डोळे उघडायची आणि हसायची, म्हणजे सगळ्यांची गंमत केली होती म्हणे.

वसुमतीबाई बघायला आल्या तेव्हा मी पडद्यावर होतो. त्यांनी हात वर करून मला थांबवायला सांगितलं. मी अर्धवट उघड्या तोंडानं तसाच लटकलो. त्या ओरडतील असं वाटलं होतं, पण त्या शांतपणे बोलायला लागल्या.

“आमचे हे गेले तेव्हा माझी लेक संहिता पाच वर्षांची होती. नणंदेनं तिला सांगितलं, बाबा विमानातून गेलेत. आमच्या घरावरून दिवसभर विमानं उतरतात, तुम्ही बघितलंय. प्रत्येक विमानाला पोर दार उघडायला धावायची. कुणी सांगायला धजेना. मी पण नाही. मग एका दुपारी मी तिला बोंड्याच्या मामीची गोष्ट रचून सांगितली. ती हसली, खूप हसली. आणि मग मला विचारलं, बाबा पण मेलेत ना? मी म्हटलं, हो, पुट्टी. पोटभर रडली आणि झोपली. त्यानंतर दाराशी गेली नाही.”



“प्रणीत, टिंगीचा फ्रॉक बदला, घर बदला, काय हवं ते बदला. मामी उठता कामा नये, एवढंच.”

“मॅडम, मुलांना दाखवून बघू या,” प्रणीत मान खाली घालून म्हणाला. “मुलांनाच ठरवू द्या.”

सर्जापूर रोडच्या एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रविवारी सकाळी मुलं जमवली. संयोगिताबाई मुंबईहून मुद्दाम आल्या होत्या. मागच्या खुर्चीत अहल्याबाई, काठापदराची साडी नेसून. माझ्याबद्दल त्यांना कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं. बोंड्याला मुलं लोळून हसली. मामी कोसळली तशी एकदम चिडीचूप झाली. आणि मग भिंतीवर मी आलो, खोलीएवढा मोठा.

मुलांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि टाळ्या वाजवल्या. खरं सांगतो, क्षणभर मलाही बरं वाटलं. टाळ्या कुणाला नकोशा होतात? पण मागच्या रांगेत अहल्याबाईंचा हात गळ्याशी गेला होता, आणि त्या माझ्याकडे, म्हणजे स्वतःकडेच, अनोळखी नजरेनं बघत होत्या.

“वर्क होतंय,” संयोगिताबाई प्रणीतला म्हणाल्या. “हेच फायनल. उद्या सगळं मटेरियल मुंबईला पाठवा.” आणि फोन कानाला लावून त्या बाहेर गेल्या.

मशीन बंद करायचं राहिलं होतं, म्हणून मी अजून भिंतीवरच होतो. सिद्धी नावाची एक छोटी मुलगी गर्दीतून वाट काढत अहल्याबाईंपाशी आली.

“आजी, तुम्ही कशा उठलात?”

“म्हणजे गं?”

“काय केलं की उठता येतं? माझे आबा हॉलमध्ये असेच झोपले होते. सगळे रडत होते. मी पण रडले. त्यांना कुणी हसवलंच नाही.”

अहल्याबाई खुर्चीतून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. “राणी, मी मेलेच नव्हते. खेळ होता तो. खरं गेलेलं माणूस हसवलं तरी उठत नाही. तुझी काही चूक नाही.”

सिद्धीनं मान वळवून भिंतीवर माझ्याकडे बोट दाखवलं. “मग ती मामी का उठली?”

अहल्याबाईंची मानही माझ्याकडे वळली. मला तर त्या भिंतीत तोंड लपवायलाही जागा नव्हती.

आज सकाळी त्या एकट्याच ऑटोनं मारतहळ्ळीला आल्या. वसुमतीबाई आधीच येऊन बसल्या होत्या. प्रणीत उठून उभा राहिला.

“वचन मोडलंस ते राहू दे,” अहल्याबाई म्हणाल्या. “तो शॉट पुसून टाक.”

“अक्का, पुसला की परत मिळत नाही,” सुप्रीता म्हणाली. “दुसरी प्रत आहे ती पण पुसायला लागेल.”

“नको, अक्का,” वसुमतीबाई मध्ये पडल्या. त्यांना तर हेच हवं होतं, तरी त्या म्हणाल्या, “तुमच्या जिवाला घोर लागून राहील. मी भांडते त्या लोकांशी.”

“भांडून उपयोग नाही,” प्रणीत म्हणाला. “करारात आहे, शूट झालेलं सगळं त्यांचं. तिकडे गेला की ते वापरणारच. नसला, तर मामी मेलेलीच राहील. मी सांगेन की मी पुसला. ते मला पुन्हा काम देणार नाहीत, पण ते माझं मी बघतो.”

अहल्याबाई माझ्यासमोर बसल्या. “एकदा दाखव,” म्हणाल्या. सुप्रीतानं मला चालू केलं. मी डोळे उघडले, कण पुसला, हसलो. त्यांच्या ओठांची किंचित हालचाल झाली, पण त्या हसल्या नाहीत.

“वसुमती, हसलेलं पुसलं, तरी ते हसलेलं राहतं का गं?”

वसुमतीबाईंनी त्यांचा हात हातात घेतला. नक्की माहीत नसलेलं सांगायची त्यांना सवय नाही.

“सरी, ठीक आहे,” अहल्याबाई म्हणाल्या. “पूस.”

दुसरी प्रत गेली आहे. आता उरलो आहे तो मी, आणि मशीन सुप्रीताला विचारतं आहे की खात्री आहे ना. मला माझं काही वाटत नाही. मामी मेलेली राहील, आणि सिद्धीला कुणीतरी खरं उत्तर देऊ शकेल. पण या बाई आता घरी जातील, जिना चढतील, रात्री दिवा मालवतील, आणि छातीत जरा कळ आली की त्यांना मी आठवेन. राखण करायला नेमलेला मी, मीच नसेन. म्हणून जाता जाता तुम्हाला एवढंच मागतो. अहल्याबाई कुठे भेटल्या, दुकानात, ऑटोत, डॉक्टरांच्या बाकावर, तर त्यांना एकदा हसवा. कॅमेरा नसला तरी चालेल.