लटारूचे आठशे बारा हातपंप

"म्हणजे इकडं लिवलं का तिकडं आपोआप उमटते?" लटारूनं विचारलं.

"हो मामाजी. आरशासारखं." जावई प्रणित खाटेवर कॉम्प्युटरचा डबा उघडून दुसरी हार्ड डिस्क बसवत होता. "एक डिस्क मेली तं दुसरी जित्ती. तुमचं काम कुठी जात नाई."

"अन् मी इकडं खोडलं तं?"

"तं तिकडंही खोडल्या जाते."

"मंग दोन काऊन पाह्यजेत?"

स्वयंपाकघरातून लटारूची बायको सुगंधाबाई मोठ्यानं खोकली. जावयाला उलटा प्रश्न विचारायचा नसतो, हा त्या घरातला कायदा. लटारू गप्प बसला, पण प्रश्न काही बसला नाही.

लटारू पंचायत समितीत हातपंप दुरुस्त करायचा. एकतीस वर्षं चंद्रपूर जिल्ह्यातला मूल तालुका सायकलनं फिरला. पंप उघडायच्या आधी तो एखाद्या बाईला पाणी हापसायला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. वायसर गेला, रॉड सुटली, बेअरिंग खाल्ली, सगळं आवाजावरून सांगायचा. आधी टेपवर, मग मोबाइलवर त्यानं एकेका पंपाचा आवाज धरून ठेवला. आठशे बारा पंप. 'शाळेजवळची बोरिंग, बेअरिंग गेली.' 'पाटलाच्या दारची, बरी हाय पण उगीच कुरकुरते.' आता गावोगावी नळ आले होते आणि उपटलेले पंप ग्रामपंचायतीच्या मागं आडवे पडले होते. त्यांचे आवाज फक्त लटारूच्या कॉम्प्युटरात उरले होते. ते ऐकायला आजवर कोणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आरशावर लटारूचा जीव बसेना. त्याच्या घरात धानाचं बी कधीच एका छपराखाली ठेवत नसत. अर्धं आपल्या ढोलीत, म्हणजे बांबूच्या कणगीत, अर्धं दुसऱ्या गावी. इकडं आग लागली, उंदीर शिरले, तरी पेरणी चुकत नाही. मग दोन्ही डिस्क एकाच डब्यात मांडीला मांडी लावून कशा काय बसल्या?

प्रणित चंद्रपूरला परतला आणि आठव्या दिवशी लटारूनं पान्हा-पेचकस काढला. एक डिस्क सोडवली, धुतलेल्या दुपट्ट्यात गुंडाळली आणि एसटीनं मुलचेऱ्याला लच्छूकडे नेली. लच्छू त्याचा जुना जोडीदार, पंप उघडताना दुसऱ्या बाजूचा पान्हा त्याच्या हातात असायचा. त्यानं डिस्क उलटीसुलटी करून पाहिली.

"याले महिन्यातून एकडाव ऊन दाखवू काय?"

"नोको. उंदराले तेवढं जप."

लच्छूनं कडुनिंबाचा पाला घातला आणि डिस्क बांबूच्या ढोलीत, धानाच्या पोटात खुपसून दिली.

तेव्हापासून कॉम्प्युटर रोज सुरू होताना कुरकुर करायचा, जोडी अपूर्ण आहे म्हणून. "माहेरी गेली हाय, येईन," लटारू त्याला सांगायचा आणि बटण दाबायचा.

तीन महिन्यांनी सुगंधाबाईच्या भजन मंडळाचे व्हिडिओ भरायचे होते. कॉम्प्युटर म्हणाला, जागा नाही. तिनं सगळ्यात मोठा गठ्ठा उघडला. आत नुसतं किर्र, खट्, किर्र, खट्. तिनं तो खोडला. पडद्यावर कचऱ्याचा डबा भरलेला दिसला, घर नीटनेटकं ठेवणारी बाई, तिनं तोही रिकामा केला. मग भजनं भरली, अगदी गळ्यापर्यंत.

"अवो, त्या कुरकुरीत काही कामाचं होतं काय?" तिनं संध्याकाळी विचारलं.

लटारूनं पडद्यावरचे सगळे गठ्ठे उघडून पाहिले. मग चक्क हसला. "लच्छूच्या ढोलीत हाय."

आता फक्त जावयाला सांगायचं होतं. तेच अवघड होतं. फोनवर सांगितलं तेव्हा मुलगी, पुनम, म्हणाली, "बाबा, हे रुसले. मले न विचारता जोडी तोडली म्हन्तात." तरी रविवारी प्रणित आला. मोठ्या मनानं आला आणि ते मन जरा दिसेल असंही बघितलं. लटारूनं मुलचेऱ्याहून आणलेली डिस्क हातात दिली. तिच्या खाचेतून धानाचे दोन दाणे सांडले. प्रणितनं ते न बघितल्यासारखं केलं आणि डिस्क जागेवर बसवली.

"हे दोघं आता सारखे करून घेऊ. मंग सगळं वापस येते."

सुगंधाबाई दारात उभी होती. "जवाईबापू, कोन कोनाचं पाहून लिवीन? कुरकुरवाली भजनवालीचं, का..."

लटारूनं डोळे वटारले. ती थांबली.

"मामीजी, त्याले समजते," प्रणित म्हणाला आणि 'जुळवा' वर बोट ठेवलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. कोंबडीचा रस्सा तयार होता, वडे तळून झाले होते, पण काम झाल्याशिवाय ताटावर बसणार नाही, असं जावयानं जाहीर केलं. लटारू पट्टीसमोर बसून राहिला. दर पाच मिनिटांनी सांगायचा, "अर्धी आली." "आता गावात शिरली." चार वाजता पट्टी भरली.

"मामाजी, मिरर एक नंबर झाला," प्रणित म्हणाला आणि पहिली डिस्क उघडली. भजनं. दुसरी उघडली. तीच भजनं, त्याच क्रमानं.

त्यानं माउस इकडे नेला, तिकडे नेला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सुगंधाबाईनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. लटारू उठला, मोरीवर गेला, हात धुऊन आला आणि स्वतः ताट वाढायला घेतलं.

"चला जवाईबापू. रस्सा थंडा होऊन राह्यला."

प्रणितनं एकच वडा खाल्ला. लटारूनं आग्रह करून दुसरा वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लटारू ओसरीत मोबाइल समोर ठेवून ताठ बसला. "मारुतीच्या देवळाजवळची," तो मोबाइलला म्हणाला, "साखळी सुकली." मग घसा साफ करून तोंडानं आवाज काढू लागला. किर्र, खट्. किर्र, खट्. रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला पाय टेकवून थांबला, थोडं ऐकलं आणि काही न विचारता निघून गेला.

सुगंधाबाई सुपात तांदूळ निवडत होती.

"खट् इतक्या लवकर नवता येत," ती खाली बघतच म्हणाली.

"मी दुरुस्त केली ते बोरिंग. मले सांगतं?"

"तुमी एकडाव दुरुस्त केली. मी बावीस वर्सं पानी भरलं."

लटारूनं आवाज खोडला आणि पुन्हा बटण दाबलं. सुगंधाबाईनं सूप बाजूला ठेवलं, रिकामी मूठ वर नेली आणि अंग झोकून सावकाश खाली आणली. लटारू तिच्या हाताकडे बघत होता. हात पार गुडघ्यापर्यंत पोचला, तेव्हा कुठं त्यानं खट् केलं.