बानाबाईंची उजळणी

बानाबाईंनी उत्तर देण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी त्यांच्या नवऱ्याचे, केरबांचे ओठ हलत होते. वार विचारला तेव्हा हलले. महिना विचारला तेव्हाही.

फुलंब्रीजवळच्या उपकेंद्रात साठीपुढच्यांची स्मरणशक्ती वर्षातून एकदा तपासायची, हे माझं काम. मी केरबांना बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. ते उठले, पण दारापर्यंतच गेले.

बानाबाईंना मी पाच शब्द सांगितले: दिवा, सायकल, ऊस, आरसा, पाटी. त्यांनी ते माझ्यामागून म्हटले. मग पाच मिनिटं मी मुद्दाम दुसरंच काहीबाही विचारत राहिले. नवऱ्याचा विषय निघाल्यावर त्या हसल्या. "लहानपणी मला कुणी शाळेत घातलं नाय. आता म्हातारपणी हे मास्तर झालेत."

वेळ संपल्यावर मी शब्द विचारले. त्यांनी पाठ ताठ केली आणि एका दमात म्हटलं, "विहीर, घोंगडी, कुऱ्हाड, चिंच, बाजार."

यात माझा एकही नव्हता, तरी शब्द ओळखीचे वाटले. मागच्या वर्षीचा कागद काढला, तर माझ्याच अक्षरात हेच पाच. त्या वेळी त्यांना दोनच आठवले होते.

दारात केरबांची मान खाली गेली. मग ते हळूहळू सांगू लागले. मागच्या वर्षी त्यांनी शब्द ऐकून ठेवले होते आणि वर्षभर रोज संध्याकाळी, मेंढरं जाळीच्या कुंपणात कोंडली की, बानाबाईंकडून ते म्हणवून घेत होते. शब्द बदलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगा अजिनाथ चितेगावला कंपनीत, राहतो तिकडेच. आईचं हे विसरणं वाढलं तर मेंढरं विका आणि तिच्यापाशी थांबा, असं तो दोन वर्षं म्हणत होता. मेंढरं आजोबांपासूनची. केरबा नुसतं बघू, बघू म्हणत राहिले. या पावसाळ्यात ते रानात असताना बानाबाई दोनदा माहेरची एसटी धरायला स्टँडवर जाऊन बसल्या. मुलाला केरबांनी सांगितलं, बाजाराला गेली होती.

मी म्हटलं, ही परीक्षा नाही, यात कुणी नापास होत नाही. गुण कमी आले तर मोठ्या दवाखान्यात दाखवायचं, रक्त तपासायचं. कधी कधी औषधाने बरं होणारं कारण सापडतं. नेहमीच सापडतं असं नाही, हेही सांगितलं. आणि तोवर यांना एकटं ठेवू नका.

बानाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. "चुकलं का हो माझं?"

"नाय." केरबा आत येऊन त्यांच्याशेजारी बसले. "समदं बरोबर आलं."

मग त्यांनी खिशातला मोबाइल माझ्या हातात दिला आणि अजिनाथला लावून द्यायला सांगितलं. पलीकडून आवाज आला. केरबांनी फोन कानाला धरला.

"अजिनाथ," ते म्हणाले, "मेंढरं इकून टाकू. मी घरीच राहतो तुझ्या मायपाशी."