मासोळीची खूण

वजन : कुणी केलं नाही

परातीत पाणी ओतलं आणि दगड उकळायला लागला. खाली जाळ नाही. वाफ निघाली, तडतड झाली, बघता बघता दगडाचं पांढरं पीठ झालं. दगड घडवण्यात जन्म गेलेली आमच्या कारखान्यातली चाळीस माणसं हात जोडून उभी.

"बाहेरचा दगड विरला, तसा पोटातलाही विरेल," महाराज म्हणाले. "हे पाणी एकवीस दिवस घ्या. चाकू-कात्रीवाल्यांची पायरी चढू नका."

माझी बायको पहिल्या रांगेत. तिच्या मूत्रपिंडात खडा अडकलेला. ऑपरेशन गुरुवारी. उशीर केलात तर मूत्रपिंड जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं.

"अहो, तो गुरुवार रद्द करा," ती म्हणाली.

वजन : एक किलो

हे तीन दिवसांपूर्वीचं. महाराजांनी आमच्याकडून चुनखडीचे दोन दगड मागवले, जपासाठी. मला संशय आलाच. आमच्यात जो तो आपल्या कामावर छिन्नीने स्वतःची खूण ठेवतो; माझी मासोळी. दोन्ही दगड काट्यावर किलो-किलोचे मोजून घेतले, त्यांवर मासोळी कोरली. म्हटलं, अदलाबदल केलीस की धरलाच तुला.

दगड परत आले. जरा पांढरट, पण मासोळी माझीच. मी तोंडावर पडलो आणि काटा विसरलो.

वजन : पाचशे साठ ग्रॅम

पहिला दगड विरल्यावर महाराजांनी दुसरा बायकोच्या नावाने कोरड्या परातीत ठेवला. पहिल्या परातीतल्या पाण्याचा पेला तिच्या हातात. तेवढ्यात सासूबाई पोचल्या. आयुष्यभर चुन्याचा गिलावा केलेली बाई. त्यांनी दगड उचलून तळहातावर झुलवला.

"जावईबापू, काटा आणा."

काट्याने निम्म्याच्या जरा वर आकडा दाखवला.

"पाप उतरलं की दगड हलका होतो," महाराज म्हणाले.

"पाप भट्टीत उतरलं. ही चुनकळी आहे. चुनखडी कडक भाजली की तिच्यातला वायू निघून जातो. आकार राहतो, आमच्या जावयाची मासोळीपण राहते. मग पाणी पडलं की खवळते." त्यांनी बोटांवरचे भाजल्याचे जुने डाग दाखवले. "पोरी, तू तो पेला खाली ठेव आधी. तोंड सोलून निघेल."

"जिथे श्रद्धा नाही, तिथे..."

"एवढंच सांगा, महाराज. हा दगड विरायच्या आधी भट्टीत भाजावा लागला. माझ्या लेकीला कुठल्या भट्टीत घालणार?"

बायकोने पेला खाली ठेवला.

वजन : दोन ग्रॅम

गुरुवारी निघालेला खडा. डबीत ठेवलाय, मागेल त्याला दाखवतो. मूत्रपिंड वाचलं.

परातीतलं पीठ सासूबाईंनी कालवून आमच्या भिंतीच्या भेगेत भरलं. हवेतून तोच वायू परत घेत त्याची हळूहळू पुन्हा चुनखडी होतेय. समुद्राच्या तळाशी शिंपल्यांच्या चुऱ्यातून झालेला हा दगड. जमिनीत खोल दबून तापला असता, तर संगमरवर झाला असता. दगड बदलतो. दर वेळी त्याला कारण असतं, आणि ते विचारता येतं.

मी खूण पाहिली, वजन पाहिलं नाही. तुमच्यापुढे कुणी दगड उकळवला, तर हात जोडायच्या आधी काटा मागा. आणि घरात कुणी आजारी असेल, तर गुरुवार चुकवू नका.