काचेमागचा सोल्या

मी सोल्या बोलतोय. तुरीच्या शेंगा सोलणारं यंत्र. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी चिडलेला आहे आणि शेवटपर्यंत चिडलेलाच राहणार आहे.

अंगाने मी शिलाई मशीनएवढा. पोटात जुन्या मिक्सरची मोटर, पाठीवर सायकलची चेन, तोंडात दोन रबरी रूळ. शेंग तोंडात घाला, दाणे पुढच्या ताटात, टरफल मागे. बडोद्यात थंडी पडली की घरोघरी ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग पडतात. दाण्यांना इथे लीलवा म्हणतात, त्यांच्या कचोऱ्या करतात. खायला सगळं घर, सोलायला बायका. नखं काळी होतात, अंगठा ठणकतो, आणि वर कोणीतरी विचारतं, "अजून झालं नाही का?"

शहरातल्याच वासणा भागातल्या एका घरात हे पद्माकररावांनी विचारलं. ते इथल्या एका विद्यापीठात इंजिनियरिंग शिकवायचे. त्यांच्या बायकोने, नीरावहिनींनी, ढीग त्यांच्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "तुम्ही इंजिनियर ना? मग सोला."

त्या टोमण्यातून माझा जन्म झाला.

वर्कशॉपमध्ये मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मी असा काही सुटलो की एक दाणा खिडकीतून उडाला, पलीकडच्या इमारतीत पेपर तपासत बसलेल्या एका सरांच्या चहात पडला, आणि सरांनी त्या रागात अख्खा वर्ग नापास केला. तो वर्ग आजही मला शिव्या देतो. खोटं वाटत असेल तर चहाचा कप बघायला मिळेल, फुटलेला आहे एवढंच.

पण नंतरचं सगळं खरं आहे. तेच माझं दुखणं.

विद्यापीठाने तेव्हा नवा कक्ष काढला होता, तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष. प्रयोगशाळेत जन्मलेली वस्तू बाजारात पोचवायची, हे त्याचं काम. प्रमुख होते विक्रमसिंह. फराळाचे पदार्थ करणाऱ्या एका मोठ्या कंपनीने माझे सगळे हक्क घेतले. गळ्यात हार घालून माझा फोटो काढला. मला वाटलं, आता माझे हजार भाऊ होणार. खंडेराव मार्केटमध्ये, पाणीगेटला, जिथे जिथे बायका पोतं पसरून दाणे सोलत बसतात तिथे एकेक सोल्या घरघरणार.

कंपनीने नुकताच सोललेले दाणे गोठवून विकायचा कारखाना टाकला होता. तिला मी नको होतो. मी दुसऱ्या कोणाला मिळू नये, एवढंच तिला हवं होतं. करार कपाटात गेला आणि मी काचेत. खाली पितळी पाटी लागली, 'यशस्वी हस्तांतरण'. कंपनीचा माणूस मला न्यायला आला नाही. अहो, बघायलासुद्धा आला नाही.

नीरावहिनी म्हणाल्या, "ते गेलं तर गेलं. घरापुरतं दुसरं करा."

"करता येत नाही," पद्माकरराव म्हणाले. "हक्क विद्यापीठाने दिले. आता मी केलं तर चोरी."

वहिनी पुन्हा हाताने सोलायला बसल्या. टोमणा मात्र त्यांनी परत मारला नाही. पद्माकररावांना तेच फार लागलं असावं. सुरुवातीला ते काच उघडून मला तेल द्यायला यायचे. मग येईनासे झाले.

आता निरुपमाबाई. माझं काचेचं कपाट ज्या बोळात होतं त्याच बोळात अर्थशास्त्र विभाग, आणि बाईंची खोली माझ्या बरोबर समोर. तरुणपणी त्या हातमागवाल्यांच्या घरी जाऊन बसायच्या. यंत्र आलं की कोणाचं काम जातं, कोणाचं वाढतं, कोणाची पाठ मोकळी होते, हे विचारायच्या. त्या अभ्यासावर त्यांनी पीएचडी केली. पुढे विषय बदलला. विद्यापीठात लागलेले शोध बाहेर कसे जातात, याचा अभ्यास सुरू झाला. तो करायचा कसा? तर करार मोजून. करार झाला म्हणजे वस्तू गेली. सगळं जग असंच मोजतं म्हणे. सगळं जग घरात बसून मोजत असेल, त्याला काय झालंय. पण बाईंची खुर्ची आणि मी यांच्यात एक बोळ होता.

त्यांनी मलाही गेलेल्यांत धरलं. नुसतं धरलं नाही, नवरदेव केलं. कुठल्याही परिषदेत त्यांच्या भाषणात पडद्यावर मी, हारासकट. माझा फोटो विमानाने इतक्या देशांत फिरला. मी या बोळातून त्या बोळात गेलो नाही. बाई रीडर झाल्या, प्रोफेसर झाल्या, विभागप्रमुख झाल्या. वर्गावर जाताना रोज माझ्या काचेपुढे थांबायच्या, अंबाडा ठीक करायच्या, स्वतःकडे बघायच्या आणि निघून जायच्या.

मी काय केलं नाही? स्क्रू पाडला. रूळ करकरवला. एकदा तर इतका संतापलो की प्लग लावलेला नसताना मजल्याचे फ्यूज उडवले. वायरमन म्हणाला, उंदीर आहे.

मग बाईंच्या निवृत्तीचा दिवस आला. संध्याकाळी सत्कार. त्यांच्या निबंधांचं पुस्तक निघणार होतं, मुखपृष्ठावर अर्थात मी. आणि जानेवारी असल्यामुळे, दरवर्षीच्या रिवाजाने, दुपारी विभागात लीलवा कचोरीचा बेत. बोळात उजेड चांगला, म्हणून बाई, विभागातल्याच वसुंधराबेन आणि नवी शिकवणारी तेजश्री, तिघी सतरंजी टाकून शेंगा सोलायला बसल्या. माझ्यासमोर. दरवर्षी बसायच्या. दरवर्षी मी आतून दात खायचो.

"मॅडम," तेजश्री अंगठा चोळत म्हणाली, "हे एवढं समोर उभं आहे. घालू या की चार शेंगा."

"नाही गं. ते कंपनीकडे गेलंय."

"गेलंय?" तेजश्रीने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "मग हे कोण उभं आहे?"

वसुंधराबेन खुदकन हसल्या. बाई हसल्या नाहीत.

"करार झाला की हस्तांतर धरायचं," त्या म्हणाल्या. "जगभरची पद्धत आहे ती."

"हो ना. म्हणून तर आपण हाताने सोलतोय."

बाईंच्या हातातली शेंग अर्धवट राहिली. त्यांनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी काचेत स्वतःला सोडून दुसऱ्या कोणाला बघितलं. मी तिथेच होतो. कुठे जाणार?

उठल्या आणि तडक बोळाच्या टोकाला, विक्रमसिंहांच्या कक्षाच्या दारात उभ्या राहिल्या.

"विक्रमभाई, हे यंत्र कंपनीला न्यायला सांगा."

"कंपनीला नकोय, बेन."

"मग पद्माकररावांना द्या."

"कसं देणार? हक्क कंपनीचे."

"मग निदान भंगारात काढा."

"भंगारात काढायला ते आपल्या नावावर तर हवं. ए तो ट्रान्सफर थई गयुं ने."

"म्हणजे विद्यापीठाच्या दृष्टीने हे इथे नाहीच."

"नाहीच."

"बरं," बाई म्हणाल्या. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

सत्काराचं मला नंतर तेजश्रीच्या बोलण्यातून कळलं. बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या मुखपृष्ठावरचं यंत्र बाहेर गेलं, असं मी आयुष्यभर लिहिलं. ते गेलेलं नाही. माझ्या दारासमोर उभं आहे. बाकीची कुठे आहेत, हे मी बघितलेलं नाही. हे पुस्तक मागे घ्या."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणे म्हणाले, इतक्या मोठ्या विदुषीचा हा विनय नव्या पिढीने शिकावा. आणि पुस्तकाचं प्रकाशन केलं.

एखाद्याने खरं बोलावं आणि त्याला शाल मिळावी, याहून मोठा अपमान नसेल. बाई ती शाल घेऊन तरातरा बोळात आल्या. काच सरकवली, कुलूप कधी नव्हतंच. मला शालीत गुंडाळलं आणि तेजश्रीच्या स्कूटरवर मांडीत घेऊन बसल्या. फाटकावर रखवालदाराने विचारलं, "शुं छे, बेन?"

"सत्काराचं आहे, भाई."

त्याने सलाम ठोकला.

तेव्हापासून मी मांजलपूरला, बाईंच्या घरी, मागच्या बाल्कनीत. तक्रार कोण करणार? विद्यापीठाच्या दप्तरी मी केव्हाच गेलेला आहे. कंपनीने मला कधी बघितलेलंच नाही. पद्माकरराव आणि नीरावहिनी वासण्याहून आले. त्यांनी माझ्या चेनला तेल दिलं, वहिनींनी पहिली शेंग घातली. रूळ कडक झालेत, दहातला एखादा दाणा चेचतो मी. वहिनी म्हणाल्या, "चालेल. हाताने मीसुद्धा चेचते." सोसायटीतल्या बायका पातेली घेऊन येतात. बाई घरी कमी असतात. आता त्या करार मोजत नाहीत. कुठल्या कुठल्या कॉलेजांत जाऊन विचारतात, "ते यंत्र कुठे आहे? दाखवा." लोक म्हणतात, निवृत्तीनंतर मॅडमचं थोडं बिनसलं.

मी सुटलो, म्हणून राग गेला असं समजू नका. मी एकटाच सुटलो. माझे हजार भाऊ जन्मलेच नाहीत. खंडेराव मार्केटमध्ये आजही बायका पोतं पसरून बसल्यात, काळ्या नखांनी. चोरून आणलेलं एक यंत्र किती शेंगा सोलणार?

तेव्हा एवढं करा. कुठे काचेमागे एखादं यंत्र दिसलं, तर खालची पाटी वाचू नका. काच सरकवून बघा. बहुधा कुलूप नसतं. आणि जाताना खिशात चार शेंगा असू द्या.