सात दिवसांचा सप्ता एकच

तेर गावाच्या खालच्या आळीत मारुतीच्या देवळात माघातला सप्ता बसला, की धुरपदाबाईंच्या घरातलं सगळं बोलणं त्याच वाटेनं जातं. आज कोण बुवा आले, कुणाचा आवाज लागला, पखवाजावर कुणाची थाप गोड पडली. यंदा मात्र त्यात भलतंच काही घुसलं होतं. सून अर्पिता शेंगदाण्याची चटणी कुटता कुटता पुटपुटत होती, "सेव्हन डेज इज अ लाँग टाइम. सेव्हन डेज हॅव पास्ड."

"हे कुठलं नामस्मरण म्हनायचं गं?"

"इंग्रजीचं, आत्याबाई. कुठं इज आणि कुठं हॅव, त्याचं."

"मग टाळ घिऊन बस की. तालात आलं तर ध्यानात राहील."

ढोकीजवळच्या एका शाळेत नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवणारे सर वर्ष अर्ध्यावर टाकून निघून गेले होते. त्या जागेसाठी अर्पिताला नमुना पाठ द्यायचा होता, आणि विषयही शाळेनंच दिलेला. दिवस, तास, वर्षं बोलताना अनेकवचनी. पण सगळा काळ मिळून एक धरला तर क्रियापद एकवचनी, आणि एकेक दिवस सरत गेला तर अनेकवचनी. याआधी दोन शाळांत तिची पाठाच्या वेळी जीभ अडखळली होती. ही जागाही गेली तर पुन्हा कुठं विचारायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

अडचण एकच. पाठ सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहाला. आणि त्याच सकाळी तिचा पहारा.

सप्ता बसला की वीणा भुईला टेकत नाही. रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात घालून देवापुढं नाम घेत उभं असतं, आणि पुढचा माणूस आल्याशिवाय पहिल्यानं हलायचं नाही. ती सकाळची पाळी खरं तर धुरपदाबाईंची. गुडघे धरल्यापासून ती त्यांनी सुनेला दिली होती, आणि देताना दागिना दिल्यासारखी दिली होती. "नोकरीवाल्यांना म्हनावं एक दिस थांबा," त्या म्हणाल्या होत्या. "देवाचा पहारा काय रोज रोज येतो व्हय?" अर्पितानं वाद घातला नाही. नऊला वीणा पुढं दिली की दहाला ढोकी, एवढा हिशोब तिनं केला होता.

पण नऊ वाजून गेले तरी पुढचा पहारेकरी बजरंग येईना. तो काल्याच्या कीर्तनाच्या बुवांना आणायला गेलेला, आणि वाटेत गाडी पंक्चर. देवळाबाहेर तिचा नवरा कृष्णराज मोटारसायकल चालू ठेवून हॉर्न देत होता. देवळात तेव्हा फक्त दोन म्हातारे, आणि त्यांच्या हातात टाळ धरण्यापुरतंच बळ. अर्पिताच्या तोंडात नाम होतं, पण डोळे पायरीकडं. एकदा तिचा हात वीणेच्या पट्ट्याकडं गेला. कोनाड्यात अलगद टेकवली तर कोण बघतंय? तिनं हात मागं घेतला. देवच बघत होता की समोर बसून.

तेवढ्यात पायरीवर काठी वाजली. धुरपदाबाई.

"आन हिकडं."

"आत्याबाई, तुमचे गुडघे..."

"गुडघे माजे हायत, मी बघीन त्यांचं. तू पळ. त्यो कृष्णा हॉर्न वाजवून देवाची झोप मोडायलाय!"

सुनेनं सासूच्या पायांना हात लावला, सासूनंही वाकता येईल तेवढं वाकून वीणेला नमस्कार केला, आणि वीणा गळ्यातून गळ्यात गेली.

वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला. शाळेत पोचली तेव्हा उशीर झालेला, आणि रंगीत कागदाचा तक्ता, ज्यावर चार रात्री घालवल्या होत्या, तो देवळातच राहिलेला. मागच्या बाकावर मुख्याध्यापक राजशेखर सर घड्याळाकडं बघत बसले होते.

तिनं फळ्यावर 'सेव्हन डेज' आणि 'अ लाँग टाइम' लिहून मधली जागा रिकामी सोडली. "काय येईल इथं?"

"आर!" अख्खा वर्ग एका सुरात ओरडला.

"डेज हैत ना मॅडम," पुढच्या बाकावरची हर्षाली म्हणाली, "मग आरच की."

अर्पिताची जीभ पुन्हा जड झाली. हात आपोआप छातीशी गेले, वीणा धरल्यासारखे. आणि ती बोलायला लागली.

"तुमच्या गावात सप्ता बसतो? किती दिवस?"

"सात!"

"वीणा मधे खाली ठेवतात?"

"छ्या! ठेवायची नसती."

"मग सप्ते किती झाले?"

"एकच!"

"सात दिवस एका वीणेत ओवलेले, म्हणून एक. तिथं इज. आता पंगतीचं सांगा. रोज एकाच घरची असते?"

"न्हाई! आमची सोमवारी होती," एक जण अभिमानानं उभा राहिला. "बुंदी होती!"

"म्हणजे एकेक दिवस येतो, जेवून जातो. मोजत गेलो की हॅव. सेव्हन डेज हॅव पास्ड."

पुढची वाक्यं मुलांनीच केली. बुंदी मात्र प्रत्येकाच्या वाक्यात आली.

तास संपल्यावर राजशेखर सरांनी तिला थांबवलं. "पाठ चांगला झाला. पण उशीर का?"

सबब सांगायला रस्त्यावरचे ट्रॅक्टर होतेच. ती म्हणाली, "वीणा गळ्यात होती, सर. घ्यायला माणूस आलं नव्हतं."

"तशीच उभी राहिलात?"

"हो, सर."

सर म्हणाले, "आधीचे सर फोनवर कळवून गेले बघा. पोरं बाकावर बसलेली, आणि मास्तर नाही." मग म्हणाले, "सोमवारपासून या. पण तेवढं घरून लवकर निघा."

ती परतली तेव्हा काल्याचं कीर्तन संपून दही-लाह्यांचा प्रसाद वाटला जात होता. धुरपदाबाई खांबाला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. बजरंग कधी आला, हे विचारायची गरज नव्हती. घोटे सुजलेले दिसत होते. अर्पितानं बसून ते मांडीवर घेतले.

"पाय म्हनत हुते बस, वीना म्हनत हुती थांब," त्या हसल्या. "कुनाचं ऐकायचं? बरं, मिळाली का न्हाय?"

"मिळाली. सोमवारपासून."

"लई झ्याक!" त्यांनी लाह्यांची मूठ सुनेच्या तोंडाशी नेली. "पर ध्यानात ठिव, फुडच्या सप्त्याला पहारा तुजाच. त्या सरांना आत्ताच सांगून ठिव."