सासूबाईंच्या हाती करवत

कालिन सुताराने केलेलं चाक कधी कुरकुरत नसे आणि तो स्वतःही नाही. त्याच्या सासूबाई, स्तोयमेंकाबाई, यांना मात्र हेच खुपे. "माझ्या नेदानं ओंडक्याशी लग्न केलंय," असं त्या त्याच्या देखत सांगत आणि तो बिचारा मान खाली घालून रंधा मारत राही.

त्या शरदात त्या मिरच्यांनी भरलेली गाडी घेऊन त्रावनाच्या बाजाराला निघाल्या. बाजार दुसऱ्या दिवशी होता, पण वाटेत ओढ्यातच चाकाच्या लाकडी कड्याचा एक बाकदार तुकडा मोडला. लंगडती गाडी खेचराकडून ओढवत त्या थेट लेकीच्या दारात आल्या.

"जावईबापू, मिरच्या काय आता तुमच्या अंगणात वाळवू?"

कालिनने ओकची फळी काढली, तिच्यावर बाक आखला आणि डोकं खाजवलं. असा बाक कापायचा तर चौकटीत ताणलेली अरुंद पात्याची करवत हवी आणि ती ओढायला समोरासमोर दोघं. त्याचा जोडीदार लग्नाला गेला होता. नेदाला आठवा महिना.

"त्यात काय एवढं? मी धरते," म्हणत सासूबाईंनी बाह्या सारल्या.

करवत चालू झाली, आणि त्यांचं तोंडही. शेजारणीची कोंबडी, पाद्रीबाबांची दाढी, नेदाचं वाळलेलं तोंड... बोलता बोलता त्या करवत नुसती ओढेनात, पुढेही रेटू लागल्या. पातं वाकलं, रेघ सोडून चाललं. कालिनने एकदा खाकरून पाहिलं. दोनदा पाहिलं.

"अहो आई, रेटू नका! रेटू नका म्हणतो ना! तुम्ही फक्त ओढा, वळवायचं मी बघतो. आणि घटकाभर गप्प बसा, नाहीतर ते चाक चौकोनी होईल!"

करवत थांबली. नेदा दारातच थबकली. कालिनचे कान लालेलाल झाले.

सासूबाईंनी त्याला वरून खाली न्याहाळलं आणि त्या एकदम पोट धरून हसू लागल्या.

"अगं नेदा, ह्याला तोंड आहे की! मग जावईबापू, इतकी वर्षं कुठं ठेवलं होतंत?"

"तुम्ही बोलायला जागा ठेवली तर ना," तो पुटपुटला, आणि त्यालाही हसू फुटलं.

मग मात्र त्या मुकाट ओढू लागल्या. सर्र, सर्र, एक लय लागली आणि पातं रेघेवरून लोण्यासारखं वळत गेलं. तुकडा सुटून हातात आला तेव्हा त्यांनी त्याच्या बाकावरून हात फिरवला आणि विचारलं, "आणखी एखादा कापायचा नाहीये का?"

कालिनने तुकडा चाकात बसवला आणि दिवस मावळायच्या आत लोहाराने चाकावर लोखंडी पट्ट्याची धाव चढवली. रात्री चीज भरलेली गरम, पापुद्र्यांची बानित्सा खाता खाता जावई-सासू ओकच्या गाठींवर इतकं बोलत बसले, की नेदा कंटाळून झोपायला गेली.

सकाळी बाजारात मिरच्या झटपट खपल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सासूबाई चाक दाखवत होत्या, "हे आम्ही केलंय. मी आणि आमच्या जावयानं."