उमललेली रांग

सासूबाईंच्या शेतात फूल उमललेलं दिसणं म्हणजे घरात खरकटी भांडी पडलेली दिसणं. ग्लॅडिओलसच्या खालच्या कळीने जरा रंग दाखवला की दांडी कापायची. उमलायचं ते गिऱ्हाइकाच्या घरी. म्हणून सकाळी कडेची एक अख्खी रांग लालभडक फुललेली पाहून त्यांनी कपाळावर हात मारला. "गडी झोपा काढतात मेले!" म्हणत कात्री चालवली आणि रांग साफ करूनच घरी आल्या.

चहाच्या वेळी सून धावत आली. "आई, कडेची रांग कुठंय?"

"कुठे असणार? बादलीत."

सून बादलीत डोकावली. "अहो, मी मुद्दाम ठेवली होती! आज पहिल्यांदा शहरातली माणसं शेत बघायला येतायत. फुलांचं शेत म्हणून बोलावलं, आता दाखवू काय? काड्या? परत कोण येईल?"

"मग मला सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"सांगितलं असतं तर ठेवू दिली असती?"

सासूबाईंनी चहा बशीत ओतला आणि फुरका मारला.

माणसं आली. भाजीचे वाफे पाहून खूश झाली, कोबीला हात लावून झाला. फुलांच्या रांगांपाशी आल्यावर मात्र एक बाई म्हणालीच, "इथे तर फुलंच नाहीत!" सुनेचा चेहरा पडला.

सासूबाई बाह्या सारून पुढे झाल्या. "फुलं दिसली तर समजा शेतकरी घोरतोय. या, वाका. या कळीच्या ओठाला रंग लागलाय ना? ही आज कापायची, तुमच्या घरी फुलेल. शेजारची हिरवी कापाल तर तशीच सुकेल." मग जी कात्री नवऱ्यालाही कधी दिली नाही, ती त्यांनी सुनेच्या हातात ठेवली. "बघतेस काय? शिकव. ज्याची त्याने दांडी कापावी."

एकाने हिरवीच कापली. सासूबाईंनी दात आवळून सोसलं. जाताना ती मघाची बाई विचारत होती, पुढच्या आठवड्यात बहिणीला घेऊन आले तर चालेल का?

फाटक लावताना सून म्हणाली, "पुढच्या वेळी रांग ठेवू?"

"ठेव एक. पण टोकाला चिंधी बांध. माझ्या हाताला सांगितल्याशिवाय कळत नाही." मग तळहात पुढे केला. "कात्री दे इकडे."

"उद्या सकाळी चिंधी बांधून झाली की देते," म्हणत सुनेने ती खिशात टाकली.